मामांची चाळणी

कारखान्यात मामांना तीस वर्षांत कोणी चुकताना पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मामांना त्याचा थोडा तोराही होता. सिलिकॉन नायट्राइड नावाच्या सिरॅमिकच्या भुकटीपासून ते बेअरिंगच्या गोळ्या बनवत, पोलादापेक्षाही कडक. गोळीत केसाएवढं छिद्र राहिलं तरी ती बाद. छिद्र म्हणजे शत्रू, एवढ्या एका विचारावर माणसाची सगळी नोकरी झाली होती.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना वरून फर्मान आलं, आता छिद्रं पाडा. गरम वायू गाळण्यासाठी चकत्या हव्या होत्या. चकतीत निम्मी जागा रिकामी हवी, आणि वायू आरपार जाईल अशी छिद्रं एकमेकांना जोडलेली हवीत. रीत सोपी होती. भुकटीच्या पातळ लगद्यात प्लॅस्टिकचे बारीक मणी मिसळायचे, लगदा साच्यात ओतायचा, वाळला की हळूहळू तापवायचा. मणी जळून जातात, त्यांची जागा रिकामी राहते. मग नायट्रोजनच्या भट्टीत चकती पक्की करायची. मणी मोठे तर छिद्रं मोठी, मणी जास्त तर छिद्रं जास्त. मामा म्हणाले, आधी भरायचं आणि मग जाळायचं, छान धंदा आहे.

मणी तोलून मिसळायचं काम एका नव्या बाईकडे होतं. कामापुरतं बोलायची म्हणून सगळे तिला अबोली म्हणत. घरी दोन मुलं, नोकरी अजून कच्ची.

पहिली खेप भट्टीतून निघाली. प्रयोगशाळेच्या बाईंनी चकती कोरडी तोलली, पाणी मुरवून पुन्हा तोलली, फरकावरून छिद्रांचं प्रमाण काढलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. पन्नास टक्के छिद्रं हवी होती, निघाली वीस. दुसऱ्या खेपेलाही तेच. खापर अर्थातच अबोलीच्या डोक्यावर फुटलं. मणी बरोबर तोलले होते, असं तिने एकदा सांगितलं, ते कोणी मनावर घेतलं नाही. तिसरी खेप बिघडली तर तिला घरी बसवायचं ठरलं, तेव्हा मामांनीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मामा उन्हात वाळत ठेवलेली चाळणी झटकायला गेले. लगदा साच्यात ओतण्याआधी तो बारीक चाळणीतून काढायचा, ही त्यांची पहिल्या दिवसापासूनची सवय. गुठळी म्हणजे गोळीला खोट. चाळणीवर वाळलेली भुकटी त्यांनी सहज बोटांत चोळली. ती गुठळी नव्हती. गुळगुळीत गोल कण बोटांतून निसटले आणि फरशीवर घरंगळले. दोन्ही खेपांचे बरेचसे मणी त्यांनीच चाळून कचऱ्यात टाकले होते.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. अजून कोणाला ठाऊक नाही, असंही सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की त्या बाईला तरी ठाऊक आहे का, चूक तिची नव्हती ते. मामांना जेवण गेलं नाही.

सकाळी सगळे जमले असताना ते प्रयोगशाळेच्या बाईंसमोर उभे राहिले आणि चाळणीवर मणी अडकल्याचं सांगितलं. बाईंनी कृतीचा कागद पुन्हा वाचला. चाळणीचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता.

"हात धुवा असंही कागदावर नसतं, बाई," मामा म्हणाले. "मी चाळल्याशिवाय ओततच नाही. चूक माझी आहे, हिची नाही."

तिसरी खेप न चाळता ओतली. ओतताना मामांचा हात दोनदा चाळणीकडे गेला, आणि दोन्ही वेळा स्वतःवरच चिडून त्यांनी तो मागे घेतला. छिद्रं निघाली बावन्न टक्के. मामांनी चकतीला ओठ लावून फुंकर मारली, पलीकडे धरलेल्या तळव्याला वारा लागला, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग ते अबोलीकडे गेले आणि म्हणाले, "माझं चुकलं."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तुम्ही चाळताना मी पहिल्या दिवसापासून बघत होते, मामा. मणी वरच राहत असतील असं वाटलंही होतं. पण म्हटलं, मामा करताहेत म्हणजे बरोबरच असणार."

हे मामांना चुकीपेक्षा जास्त लागलं.

"यापुढे विचारायचं," ते म्हणाले. "आणि मी खेकसलो तर पुन्हा विचारायचं."