स्लॅबवरचं गाणं

चिमणाबाई महापुरात शाळेच्या स्लॅबवर बसून गात होती, ही गोष्ट उदयसिंह सरांनी इतक्यांदा सांगितली होती की आता त्या गाण्याची चालही त्यांना ऐकू यायची.

सर शिकवत ती कोल्हापुरातली सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, लहानशी, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची. रोज सकाळी नाष्ट्याआधी चॅपलमध्ये कुणीतरी मनन, म्हणजे छोटंसं प्रवचन, सांगायचं. तिथं एक जुनी रीत होती. मनन संपलं की ऐकणाऱ्यांपैकी एकानं उठायचं आणि ऐकलं ते खरं आहे, अशी साक्ष द्यायची. त्याशिवाय शेवटची प्रार्थना होत नसे.

चिमणाबाई तिथल्या मेसमध्ये स्वयंपाकाला होती. पंचगंगेकाठचं तिचं घर पुरात बसलं, म्हैस गेली. पाणी ओसरलं तशी ती दुसऱ्याचं लुगडं नेसून मेसमध्ये हजर झाली आणि कुणी काही विचारायच्या आत पीठ मळायला बसली. पुढं कधीतरी कांदा चिरता चिरता तिनं सरांना सगळं सांगितलं. सरांनी त्याचं मनन केलं. विषय होता आशा. बोलता बोलता गोष्टीत काहीतरी कमी पडतंय असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तिच्या तोंडी एक भक्तिगीत घातलं. एवढंच.

मुलांच्या डोळ्यांत पाणी आलं. साक्षीची वेळ झाली तशा सगळ्या माना मागच्या बाकाकडं वळल्या. चिमणाबाई उठली, सरांकडं क्षणभर बघितलं. "खरं हाय," म्हणाली आणि बसली.

तेव्हापासून दर नव्या तुकडीपुढं सर ती गोष्ट सांगत, आणि ती "खरं हाय" म्हणे.

यंदा जयसिंगपूरची स्नेहल शिकायला आली होती. मनन ऐकून ती थेट मेसमध्ये घुसली. सर तिथंच चहा घेत होते.

"मावशी, ते गाणं म्हणा की!"

"कुठलं गं?"

"स्लॅबवरचं!"

"भाकरी करपली तर तू खाणार हाईस व्हय? पळ तिकडं!"

पोरगी हसत गेली. चिमणाबाईनं भाकरी उलटली.

"सर, एक बोलू? रागवू नगासा."

"बोला की."

"मी कुठं गायलो? म्हशीचं दावं धरून बसलोतो. दावं हातातनं सुटलं, तवा देवाला लई शिव्या घातल्या. तुमास्नी सांगितलंतं की."

सरांना आठवत होतं. शिव्यासुद्धा आठवत होत्या.

"मग दरवेळी 'खरं हाय' असं का म्हणालात?" त्यांनी विचारलं, आणि विचारताच त्यांना स्वतःची लाज वाटली.

"पोरांम्होरं तुमची मान खाली गेली असती." तिनं तव्यावरच्या भाकरीला पाण्याचा हात फिरवला. "पण आता प्रार्थनेला बसलो की ते गाणं मधी येतंय. वाटतंय, ही खोटी साक्ष देणारी बाई, हिचं देव काय ऐकणार? शिव्या घातल्या तवा ऐकत हुता, असं तरी वाटायचं."



दुसऱ्या दिवशी मनन दुसऱ्या कुणाचं होतं. सरांनी ते मागून घेतलं.

"चिमणाबाई गात नव्हत्या," ते म्हणाले. "गाणं मी घातलं. त्या देवाला शिव्या देत होत्या."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. सर पुढं पश्चात्तापावर बोलणार होते. सुंदर वाक्यं जिभेवर तयार होती. ती सुंदर आहेत हे लक्षात आलं आणि त्यांना त्यांची शिसारी आली. ते खाली बसले.

"साक्ष कोण देतं?" प्राचार्यांनी विचारलं.

मग मागचा बाक कुरकुरला.

"खरं हाय," चिमणाबाई म्हणाली. "पर उशीर केलासा, सर."

प्रार्थना सुरू झाली. तिचे ओठ हलतात का, हे बघायचा आपल्याला हक्क नाही, असं वाटून सरांनी डोळे घट्ट मिटून घेतले.