चिठ्ठी नसलेलं शीड

बदनापूरचा मुझफ्फर मंडपाच्या कनाती शिवायचा. दोस्तांनी मिळून जुनी नाव घेतली, तेव्हा तिचं शीड त्यानंच उरलेल्या कापडातून शिवलं आणि दर रविवारी चौघं तळ्यावर जाऊ लागले. आठवडाभर मशीनवर वाकलेला हा माणूस त्या एका दिवसाची वाट बघायचा. यंदा दुष्काळानं तळं आटत चाललं. "पाणीच न्हाई, नाव उलटी करून ठेवली," असं त्यांच्यातल्या राधेश्यामनं सांगितलं आणि मुझफ्फर गपगुमान घरी बसला.

एका सोमवारी राधेश्याम फाटलेलं शीड घेऊन दुकानात आला. "गोदामात उंदरांनी कुरतडलं, मुझफ्फरभाई."

मुझफ्फरनं कापड उलगडलं. त्याला लागलेला चिखल अजून ओला होता. फाटलेल्या जागी बाभळीचा काटा मोडून अडकला होता. पाणी उतरल्यावर तळ्यात बुडालेल्या बाभळी वर आल्या होत्या.

"तुमच्या उंदरांना काटे फुटले का रे?"

राधेश्याम ओशाळला. "पाणी थोडंच राह्यलं. चौघं बसलो की नाव टेकते. त्यात तू असा धिप्पाड. तुला वाईट वाटंल म्हणून..."

"मंग न सांगताच उतरवलं मला!"

दुकानात आलेल्या प्रत्येक कापडावर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचलेली असे. शिडाला मुझफ्फरनं ती कधीच लावली नव्हती. ते घरचंच होतं. आज त्यानं टाचणी घेतली, चिठ्ठीवर 'राधेश्याम' लिहिलं आणि नजर न उचलता म्हणाला, "शनिवारी या. तयार राहील."