एका वेळी एकच माणूस

"आत एका वेळी एकच व्हिजिटर," आखातातल्या अल ऐन शहरातल्या हॉस्पिटलमधली नर्स म्हणाली आणि ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून गोगो हसल्या. "रेहाना, बघ, पुन्हा तोच हुकूम! पण या वेळी तो पाळायला माझी हरकत नाही." मी आत, माझी मुलगी अलिना आणि गोगोंचा मुलगा सिफो बाहेर कॉरिडॉरमध्ये... ती आमची शेवटची भेट. दोनच दिवसांनी सिफोचा फोन आला. "मा गेली," एवढंच तो बोलू शकला. त्याला आता महिना होईल.

गोगो म्हणजे त्यांच्या झुलू भाषेत आजी. नाव नोमसा, पण आमच्या कंपाउंडमध्ये त्या सगळ्यांच्याच गोगो. तरुणपणी त्या दक्षिण आफ्रिकेत नर्स होत्या. तेव्हा तिथे वर्णद्वेषी सरकार होतं. हॉस्पिटलात गोऱ्या नर्सना चहाची वेगळी खोली, काळ्यांनी कॉरिडॉरमध्ये उभ्यानं प्यायचा. एका सकाळी गोगो बरोबरीच्या नर्सना घेऊन, ज्याचा त्याचा कप हातात, त्या खोलीत जाऊन बसल्या. नोकरी गेली, तुरुंग झाला. सुटून आल्यावर त्यांनी नर्सेसची संघटना बांधली, तेव्हा सरकारनं हुकूम काढला: पाच वर्षं गाव सोडायचं नाही आणि एका वेळी एकाहून जास्त माणसांना भेटायचं नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही त्यांना जाता आलं नाही. दारासमोर पोलिसांची गाडी उभी. मग बायका एकेकट्या येऊ लागल्या... एक बाहेर पडली की दुसरी आत. पहिलीचं म्हणणं गोगो दुसरीला सांगायच्या, दुसरीचं तिसरीला. सकाळी सुरू झालेली मीटिंग दिवस मावळेपर्यंत चालायची. "संघटना काही मोडली नाही," त्या सांगायच्या, "उलट प्रत्येकीच्या मुलांची नावं मला पाठ झाली."

सिफो इथल्या युनिव्हर्सिटीत शिकवतो. म्हातारपणी गोगो त्याच्याकडे आल्या आणि दर शनिवारी त्यांच्या व्हिलात चहाला माणसांची गर्दी होऊ लागली. माणसं कमी असली की त्यांना चैन पडायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी अलिना सातवीत होती. अ‍ॅन्युअल डेच्या नाचात तिला मागच्या रांगेत टाकलं. "फ्रंटला फेअर मुली छान दिसतात," असं नाच बसवणारी बाई सहज बोलून गेली. रत्नागिरीहून माझ्या नणंदेनं फोनवर गोरं करणारं क्रीम सुचवलं. अलिनानं शाळेत जाणंच सोडलं. "आय अ‍ॅम नॉट गोइंग, मम्मा. खलास." मी तिला गोगोंकडे नेलं. वाटलं, त्या समजूत घालतील.

त्यांनी समजूत घातलीच नाही. विचारलं, "मागच्या रांगेत आणखी कोण आहे?"

एक सुदानी मुलगी होती, दोन मल्याळी.

"त्यांना कसं वाटतंय, विचारलंस?"

अलिनानं मानेनंच नाही म्हटलं.

"मग यल्ला, बोलव त्यांना!"

चौघी आल्या. शाळेत काय बोलायचं त्याच्या तालमीसाठी गोगो स्वतः प्रिन्सिपल झाल्या, भुवया चढवून असे आडवे प्रश्न विचारले की मुली आधी हसल्या आणि मग नीट उत्तरं द्यायला शिकल्या. मी शाळेत बरोबर जायला निघाले, तर म्हणाल्या, "तू गेटबाहेर थांब. बोलणं त्यांचं आहे." वाट बघताना माझा जीव टांगणीला लागला होता. प्रिन्सिपलनी ऐकून घेतलं आणि दर कडव्याला रांगा बदलायचं ठरलं. प्रत्येक मुलगी एकदा तरी पुढे येणार होती. त्या संध्याकाळी अलिनानं विचारलं, "वेअर यू स्केअर्ड, गोगो? जेलमध्ये जाताना?"

"रोज भीती वाटायची. म्हणून तर मी कधी एकटी गेले नाही."

त्या गेल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी सिफोनं दार लावून घेतलं होतं. त्या चौघींनी बेल वाजवली, तेव्हा त्यानं उघडलं आणि चहा टाकला. परवा मी गेले तर बसायला जागा नव्हती. फक्त गोगोंची वेताची खुर्ची सगळ्यांनी मोकळी सोडलेली. शाळेत नव्यानंच आलेली एक मुलगी दारात घुटमळत होती. अलिनानं ती खुर्ची ओढून तिच्यापुढे केली. "सिट, सिट. गोगो हेटेड एम्प्टी चेअर्स." सिफो उठला आणि आणखी एक कप घेऊन आला.