बांगड्यावर सांबार

माशाच्या आमटीवर सांबार ओतून खाणारा मी या देशातला बहुधा एकटाच माणूस आहे, आणि मला ते अजिबात आवडत नाही.

ही गोष्ट कोकणात रेल्वे पोचायच्या आधीची. माझी धाकटी बहीण कुसुम आणि आमच्या पांढुर्ण्याच्या स्टेशनात नोकरीला असलेला सुधीर, दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. (आमच्या बागेतली मोठी संत्री कुठे जातात, हे घरात सर्वांना कळलं होतं.) सुधीरचं घर रत्नागिरीला. त्याच्या आईचा होकार तेवढा बाकी होता. इतक्या लांबच्या माणसांशी आपलं जमेल का, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून बाबा आणि मी भेटायला निघालो. सुधीरला सुट्टी मिळाली नाही. निघताना कुसुमनं मला अंगणात गाठलं.

"दादा, तिकडच्यावानी जेवजो. नाक मुरडू नको. माह्या जिंदगीचा सवाल आहे."

रेल्वे आणि एसटीत हाडं खिळखिळी करून आम्ही रत्नागिरीला पोचलो आणि थेट पाटावर बसलो. ताटात भात, लाल आमटी, अख्खा बांगडा आणि वाटीत गुलाबी पाणी. त्यात मी बोटं बुडवणारच होतो, पण बाबांनी आधी बुडवली. ते प्यायचं असतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

बांगडा माझ्याकडे बघत होता. मला काहीतरी ओळखीचं हवं होतं. आमच्याकडे वरण असो की वांगी, वरून चिरलेला सांबार पडल्याशिवाय जेवण जेवण वाटत नाही. (सांबार म्हणजे कोथिंबीर. जगात दुसरंही सांबार असतं हे मला ठाऊक होतं, पण त्या थकव्यात आठवलं नाही.)

"काकू, थोडा सांबार असन तं टाका न वरून," मी सुधीरच्या आईला म्हणालो.

काकूंचा हात थांबला. "माशावर?"

"हो. आम्ही सगळ्यावरच टाकतो."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका भरल्या ताटावरून उठले, सदरा चढवला आणि किटली घेऊन उन्हात निघाले. कोथिंबिरीला किटली कशाला, असं वाटलं, पण विचारायचं त्राण नव्हतं. अर्ध्या तासानं ते घामाघूम होऊन परतले. स्टँडजवळच्या उडपी हॉटेलातलं किटलीभर सांबार! काकूंनी ते माझ्या ताटात ओतलं. शेवग्याची एक शेंग बांगड्याच्या डोळ्यावर जाऊन बसली.

आता 'हे नव्हे' म्हणायची सोय नव्हती. मी जेवू लागलो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि आपलंही ताट पुढे केलं. पाहुण्यांना परकं वाटू नये म्हणून काकांनीही घेतलं. ते छान लागतंय म्हणाले. त्यांचा आवाज माझ्याइतकाच दमलेला होता.

स्टँडवर आल्यावर बाबांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "तू काय मागून राहिला होता, मालूम तरी होतं का तुले?"

पोरीचं लग्न मी मोडलं, या खात्रीनं मी घरी आलो आणि कुसुमची नजर चुकवत राहिलो. आठवड्यानं काकूंचं पत्र आलं. माणसं मोकळी आहेत, हवं ते मागून जेवतात, आम्हाला पसंत आहेत. कुसुम पत्र हातात घेऊन रडली. मलाही भरून आलं.

पुढे लग्न झालं, आणि कोकणात रेल्वे आल्यावर सुधीरबरोबर ती रत्नागिरीला राहायला गेली. मी जातो तेव्हा काकू माझ्यासाठी मुद्दाम शिकून घेतलेलं सांबार घरी करतात. गेल्या खेपेला मी स्वयंपाकघरात कुसुमला हळूच म्हटलं, आता तरी त्यांना खरं सांग. ती कोथिंबीर चिरत होती.

"दादा, त्या सकाळपासून खपून राहिल्या. खाऊन घे न माह्यासाठी."

मी पाटावर बसलो. चिरलेली सगळी कोथिंबीर सांबारात गेली होती आणि सांबार बांगड्यावर.

"आणखी सांबार?" काकूंनी विचारलं.

या वेळी हिरवा येईल या आशेनं मी हो म्हणालो. मला अजून अक्कल आलेली नाही.