भरल्या गाडीचा आवाज

शेषराव मिस्त्री गेल्याचं मला नागपूरच्या एका छापखान्यात कळलं. सौंसरहून संत्र्याच्या पेट्या घेऊन आलेला ओळखीचा ड्रायव्हर दारातूनच म्हणाला, "आपले मिस्त्री गेले ना भाऊ. पाच दिवस ताप होता." मी "बरं" म्हणालो आणि हातातली मुद्रितं तपासत राहिलो. त्यात दोन चुका सापडल्या, त्या दुरुस्त केल्या. तो निघून गेल्यावर लक्षात आलं, मी त्याला साधं बसही म्हटलं नव्हतं… आज महिना होऊन गेला. मला रडू आलेलं नाही, आणि ते यावं म्हणून मी हे लिहीतही नाही. एका माणसावर छापील खोटं बसलेलं आहे. ते छापूनच पुसावं लागेल, एवढंच.

शेषरावकाकांचं गॅरेज म्हणजे सौंसरला जिथं बस उभी राहते त्यामागच्या गल्लीतली एक टिनाची शेड. लढाईच्या वर्षांत ते लष्कराच्या मोटारी दुरुस्त करत. लढाई संपली, त्या मोटारी लिलावात निघाल्या आणि त्यातलीच एक छोटी उघडी ट्रक आमच्या पांढुर्ण्याच्या एका कापूस व्यापाऱ्यानं घेतली. ती जुनी झाल्यावर त्यानं ती, आमचा भाग मराठी मुलखात जावा म्हणून झटणाऱ्या आमच्या समितीला वापरायला दिली. प्रांतांची नवी मांडणी चालली होती ते दिवस. घरात मराठी, शेतात मराठी, बाजारात मराठी, आणि आमचं काय करायचं ते ठरवणार नकाशावर रेघ ओढणारे! आम्ही पत्रकं काढत होतो, गावोगाव सह्या आणि अंगठे गोळा करत होतो. काका सभेला कधी येत नसत. गाडी मात्र त्यांच्याच हातची होती. कुठंही बिघडली की ओढत त्यांच्याकडे न्यायची.

त्यांची एक रीत होती. गाडी घेऊन येणाऱ्याला ते आवाजाचं वर्णन करू देत नसत. "तू सांगू नको. तू वर बस, फिरव," म्हणायचे, आणि स्वतः खाली शिरायचे. लाकडाची एक दांडकी होती. तिचं एक टोक लोखंडाला, दुसरं कानाला. आपण वर बसून स्टेअरिंग फिरवायचं आणि खालून आवाज यायचा, "अजून… अजून… हां, आता उलटं." सापडलं की बाहेर यायचे, ती दांडकी आपल्या हातात द्यायचे आणि आपल्याला खाली पाठवायचे. "मी सांगीन त तू नुसतं मानशीन. तू आयकशीन त तुले समजंन." मालकाला ऐकू आल्याशिवाय ते सहसा कुठल्या गाडीचा बोल्ट सैल करत नसत.

नागपूरला चौकशी मंडळापुढं निवेदन द्यायचं ठरलं. वाटेत लोधीखेड्याला थांबून तीस शेतकरी गाडीत घ्यायचे, कर्णा वाजवत जायचं असा बेत होता. गाडीच्या तोंडावर मोठी लाकडी पाटी लावली होती, 'सौंसर-पांढुर्णा मराठी मुलखात'. वाऱ्यानं खडखडू नये म्हणून ती लांब बोल्टांनी पुढच्या लोखंडात कसलेली होती. आदल्या आठवड्यात आम्ही जामसांवलीकडून माणसं भरून आणत असताना गाडी उजवीकडे वळली की स्टेअरिंग करकरायला लागलं. दात खाल्ल्यासारखा आवाज. हातालाही ते जड लागत होतं.

काकांनी गाडी ठेवून घेतली. स्टेअरिंगची पेटी उघडली, तेल बदललं, झिजलेला बुश बदलला, पुढची चाकं जॅकवर उचलून मला वर बसवलं. आवाज नाही. चाकं खाली टेकवली, तरी नाही. मी म्हणालो, "झालं ना काका. सोडा आता गाडी."

"नाही झालं. आवाज गेला नाई, लपला आहे."

"परवा सकाळी निघायचं आहे!"

"मंग उद्या मले माणसं दे. वीस-पंचवीस. गाडीत बसव आन चकरा मारू. हा भरल्या गाडीतच येते लेका, रिकामीत नाई येत."

माणसं! आमच्याकडे त्या दिवशी पत्रकं वाटायला माणसं पुरत नव्हती, ती काय गॅरेजमध्ये चकरा मारायला पाठवायची? मी तसंच बोललो, आणि चांगलंच चढ्या आवाजात बोललो. काकांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, पाहिली, परत खिशात टाकली. "काहून ओरडून रायला बे? माणसं नाई त नाई. पण गाडी नाई देत."

आणि त्यांनी दिली नाही. आम्ही बाराजण छोट्या रेल्वेनं नागपूरला गेलो, निवेदन दिलं. लोधीखेड्याचे लोक धुतलेले कपडे घालून, शिदोऱ्या बांधून, दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे होते. आम्ही त्यांना निरोपही पाठवू शकलो नव्हतो. त्यांना काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी निघालेल्या पत्रकात शेवटी एक ओळ होती: 'गाडी सौंसरच्या मिस्त्रीने अडवून धरली, कुणाच्या सांगण्यावरून, हे जनतेने ओळखावे.'

ते पत्रक वाटून झालं त्याच संध्याकाळी काकांनी मला बोलावणं पाठवलं. माणसं मिळाली नाहीत म्हणून त्यांनी ओळखीच्या बागवानाकडून संत्र्याच्या पेट्या आणून गाडी भरली होती. मला वर बसवलं. उजवीकडे फिरवलं, आणि करकर आली. मग दांडकी माझ्या हातात देऊन मला खाली धाडलं. ऐकायची गरजच नव्हती, दिसत होतं. गाडी भरली की खाली बसत होती, आणि पाटीचा लांब बोल्ट चाकं वळवणाऱ्या लोखंडी दांडीवर घासत होता. दांडी अर्धी खाल्लेली, घासलेली जागा चांदीसारखी चकाकत होती. आणखी पाच-सात मैल, एखादा उतार, आणि आत तीस माणसं.

मी बाहेर आलो. काका हात पुसत होते. पत्रक त्यांनी वाचलेलं होतं, ते तिथंच बाकावर पडलं होतं. मी म्हणालो, "काका, हे आत्ता बाहेर गेलं तर आपलं हसं होईल. आपल्याच पाटीनं आपली गाडी खाल्ली म्हणतील. निकाल लागू द्या, मग मी छापतो."

त्यांनी बाकावरच्या पत्रकाची घडी घातली. मग म्हणाले, "ठीक आहे ना बाप्पा. तुमचं काम होऊ दे."

काम झालं नाही. रेघ ओढली गेली, आम्ही जिथं नको तिथंच, हिंदी मुलखात, राहिलो. समिती विस्कटली, मी नागपूरला आलो. दुरुस्ती छापायची राहिली. राहिली म्हणजे काय, कुणी हात धरला होता? लोधीखेड्याच्या गाड्या काकांकडे यायच्या बंद झाल्या, मग सौंसरच्याही कमी झाल्या. त्यांनी कुणालाही ती घासून अर्धी झालेली दांडी काढून दाखवली नाही. शब्द दिला होता. ते गेल्यानंतर मी सौंसरला गेलो तेव्हा चहाच्या टपरीवर एकजण सहज बोलला, "तोच ना, फितूर मिस्त्री?" माणूस राख झाला आणि आमची ओळ तशीच धडधाकट.

हा लेख पाठवण्याआधी मी काकूंना वाचून दाखवला. काकू अजून रोज सकाळी शेडची दोन्ही दारं उघडतात, झाडतात, तिथंच तांदूळ निवडत बसतात. गाडी कुठलीच येत नाही. त्यांनी हात न थांबवता सगळं ऐकून घेतलं. मी कागद खाली ठेवले तेव्हा म्हणाल्या, "चांगलं लिहिलं. पण विनायक, ते बोल्ट कोणी कसले, ते नाई आलं याच्यात."

मी कागद पुन्हा उचलून चाळायला लागलो.

"आन ते पत्रकातलं. ते कोणी लिहिलं, तेही नाई आलं. पाटी लावली होती म्हणतोस, ओळ होती म्हणतोस. आपोआप झालं काय रे?"

"तुम्हाला ठाऊक आहे काकू?"

"मले ठाऊक असून काय होते? ते फितूर म्हणणाऱ्याईले ठाऊक पायजे."

तर, बोल्ट मी कसले. पांढुर्ण्याला, माझ्या घरापुढं, पाना माझ्या हातात होता. लांब बोल्ट घ्या असं मीच म्हणालो होतो. ती ओळ मी लिहिली, आणि लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवली होती, लोकांनी वाहवा केली होती. शेषराव मिस्त्रींनी गाडी अडवली ती कुणाच्याही सांगण्यावरून नाही. त्यांना आवाज ऐकू येत होता आणि मला येत नव्हता.

हे एवढं मी तिथंच बसून लिहिलं, काकूंनी पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि मग "पाठव" म्हणाल्या. मी बसलो होतो त्याच्या समोरच्या भिंतीवर एक काळा, तेलकट डाग आहे, माणसाच्या पाठीएवढा. काम नसलं की काका तिथं टेकून बसायचे. शेडला चुना मारायला परवा गडी आला होता. काकूंनी त्याला तेवढी जागा सोडून बाकीची भिंत पांढरी करून घेतली आहे.