मामांची एक बिडी

मामांचं वजन पन्नास किलो, त्यातले दहा किलो मिशांचे. कुरुंद्याच्या हळद बाजारातले खांबावरचे मोठे दिवे आम्ही दोघं दुरुस्त करायचो. त्या उजेडात पार तिकडं नांदेडात माणसं पेपर वाचायची, असं मी अजून शपथेवर सांगतो.

त्या दिव्याच्या पेटीत कपॅसिटर असतो, अॅल्युमिनियमचा डबा. मेन बंद केलं तरी तो करंट पोटात धरून बसतो. म्हणून त्याच्या दोन टोकांवर बारीकसा रेझिस्टन्स जोडलेला असतो, तो पोटातलं जिरवतो. मामा दुकानात दहा डबे उलटेपालटे करून तसलाच निवडायचे. मेन बंद केलं की खाली बसून एक बिडी ओढायची, तोवर डबा रिकामा होतो, मगच हात लावायचा, हा त्यांचा कायदा.

त्या दिवशी डबा मी बसवला. पेटी अरुंद, झाकण लागेना. गव्हाच्या दाण्याएवढा रेझिस्टन्स आडवा येत होता. पकडीनं तोडून टाकला. दिवा झकास लागला, मग मामांना सांगायचं तरी काय?

तपासायला चालू ठेवलेला दिवा दुपारी फडफडू लागला. मामांनी मेन बंद केलं, बिडी ओढली, शिडी चढले, डबा काढायला हात घातला आणि डब्यासकट खाली आले. कंबरेखालचं पुन्हा हललं नाही.

मी गावभर सांगितलं, करंटनं मामा उडाले ते थेट जवळा बाजार गावात, वांग्यांच्या ढिगावर. मामाही रोज खाटेवरून विचारायचे, आज कुठवर उडालो? मी अजून लांब न्यायचो. अशी तीन वर्षं गेली.

शेवटच्या उन्हाळ्यात त्यांचे पाय पुसता पुसता बोलून गेलो, रेझिस्टन्स मी तोडला होता.

"ठावं हाय," मामा म्हणाले. "डबा माझ्याच हातात व्हता की, भाचेबुवा. टोकं उघडी दिसली."

"मग बोलले काहून न्हाई?"

"तुझ्या मामीनं तुला दारात उभं केलं नसतं. मला रोज उचलायला कोण आलं असतं मग?"

मामा गेल्यावर चहाच्या टपरीवर मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. हसायची जागा कधी येते याची माणसं वाट पाहत बसली. शेवटी एकानं विचारलं, "अन् वांग्यांचं काय झालं?"