पुसलेल्या खुणा

बावळटपणा माझाच होता, हे आधीच लिहून टाकते. नाही तर आमचे हे वरूनसुद्धा दुरुस्ती पाठवतील. दिवाळीच्या साफसफाईत मी त्यांची लाकडं ओल्या फडक्यानं पुसली. मुदखेडच्या घरामागं पत्र्याची खोली, तिथं शाळा सुटल्यावर या गणिताच्या मास्तरांचा सुतारकामाचा छंद चालायचा. एका वस्तूचे तुकडे एका गठ्ठ्यात, प्रत्येक तुकड्यावर खडूची खूण. पाळण्याला त्रिकोण, स्टुलाला गोल, काय कशाला जोडायचं त्याचे बाण. मला वाटलं, गल्लीतल्या पोरांनी रेघोट्या मारल्या. तेव्हा पंचेचाळिशीची मी, अंगात अक्कल मावत नव्हती... खुणा लख्ख पुसल्या, गठ्ठे सोडले, लांब लांबासंगं, आखूड आखुडासंगं रचलं आणि कमरेवर हात ठेवून कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

"काय करून बसलीस गं तू?" एवढंच म्हणाले.

पाळणा आमच्या शालिनीच्या पहिल्या बाळंतपणासाठी होता. बारशाला शेजारणीचा मागून आणावा लागला. पुन्हा मोजून खुणा करता आल्या असत्या की, पण तसं विचारायची माझी छाती नव्हती. खोलीला कुलूप लागलं, किल्ली त्यांच्या खिशात. नातू कॉलेजात गेला तरी येईल त्या पाहुण्याला, चहाच्या आधी, तेच. "हिनं पुसलं, न्हाई तर पोरगं माझ्या पाळण्यात झोपलं असतं." आणि मी मान खाली घालून कप भरत राहायची. मूर्खच की. एकदा तरी कप आदळून 'लई झालं' म्हणायला पाहिजे होतं. गेल्या महिन्यात ते गेले, झोपेतच... भेटायला आलेल्या शालिनीच्या सासूबाई डोळे टिपत म्हणाल्या, "तेवढा पाळणा राहिला बघा त्यांचा." आणि माझ्याकडं बघितलं. माणूस गेला, आरोप माझ्या घरात ठेवून गेला. स्मृतिलेखात गोड लिहायचं असतं म्हणे. लिहो कुणी तरी दुसरं.

दिवस झाल्यावर शालिनीनं ती खोली उघडली. आत आढ्यापर्यंत गठ्ठे, सुतळीनं आवळलेले. देव्हारा, चौरंग, नातवाचं अभ्यासाचं टेबल... सगळी कुलूप लावल्यानंतरची कामं. खुणा ठळक, बाण शाबूत, आणि जोडलेलं एकही नाही. लेक खाली बसून एकेक गठ्ठा उलटून बघत राहिली. मग हातावरची धूळ झटकत, माझ्याकडं न बघताच म्हणाली,

"आई, ह्ये तर तू न्हाई पुसलेलं. मग सासूबाईला तू सांगतीस का मी सांगू?"